कावेरीअक्कांची पानांची थाप

कावेरीअक्कांची आणि माझी ओळख माझ्या अपमानाने झाली. तो अपमान नेमका कसा झाला याविषयी बेंगळूरच्या मराठी मंडळींत आज जे निरनिराळे पाठ प्रचलित आहेत, ते सगळे चुकीचे आहेत. अपमान माझा झाला होता. तेव्हा त्याचा अधिकृत पाठ देण्याचा हक्कही माझाच आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील महाप्रसादाची पंगत होती. कारखान्यातल्या बदलीमुळे मी पुण्याहून नुकताच इथे आलो होतो. शेजारच्या पानावर बसलेल्या, ठसठशीत कुंकवाच्या बाईंनी माझे नाव विचारले. मी आडनाव सांगितले, "मोडक." त्यांनी भात कालवता कालवता डोळे मिटले, डाव्या हाताच्या बोटांनी हवेत काहीतरी सरकवल्यासारखे केले आणि पंगतीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात त्या उद्गारल्या, "अय्यो, कमोड!"

पंगत हसली. मी भरल्या पानावरून उठून गेलो, असे लोक सांगतात. हे साफ खोटे आहे. मी जिलबी संपवूनच उठलो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी सूड घ्यायला बसलो. का, वे, री. तीन अक्षरे. वेरीका, रीकावे, कारीवे. काहीही हाती लागेना. मी हिशेबात आणि युक्तिवादात सहसा न हरणारा माणूस. मला तीन अक्षरांनी हरवावे, हे सहन होण्यासारखे नव्हते. पत्ता काढून मी चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानात गेलो. दुकान बटणांचे, लेसचे आणि झालरींचे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. गल्ल्यावर अक्काच बसल्या होत्या. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "माझ्या नावाचं काही होत नाही, मोडकअण्णा. उगाच डोकं नका शिणवू. मी आहे ती अशीच आहे, उलटी केली तरी."

"तुम्ही चारचौघांत माझा—"

"सरी, सरी. बरं, भांडू या की. त्याआधी स्वल्प हे बघा." त्यांनी गल्ल्याखालून एक डबा काढला आणि कोटाची चार मोठी बटणे माझ्यापुढे मांडली. प्रत्येक बटणावर लाल नेलपॉलिशने एकेक अक्षर रंगवलेले होते. स, र, ब, त. "ह्या सरबताचं दुसरं काय होतं ते सांगा. मग सावकाश भांडा."

दुकानात गिऱ्हाइके होती. एक शिंपी बटणांना अस्तराचे कापड लावून रंग जुळवत होता. मी त्या बटणांकडे पाहत उभा राहिलो, आणि मग, कसे ते मला आजही सांगता येत नाही, पण चारही अक्षरे माझ्या डोळ्यांदेखत आपणहून उठली, त्यांनी जागा बदलल्या आणि ती पुन्हा बसली. "बरसत!" मी ओरडलो. खरोखर ओरडलो. शिंप्याच्या हातातले बटण खाली पडले. माझ्या छातीत असे काही उसळले की भांडणाचा विषय काय होता तेच मला आठवेना. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "लागली. आता सुटायची नाही."

सुटली नाही. त्यानंतरची बहुतेक सारी वर्षे माझा रविवार बसवनगुडीतल्या अक्कांच्या घरी गेला.

तिथे काय चाले, तेही नीट सांगितले पाहिजे, कारण त्याला 'ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र' म्हणणारे महाभाग आहेत. ते युद्ध होते. जेवणाच्या टेबलावर बटणे ओतली जात. नियम एकच: अक्षर उचलायचे ते त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट, त्याचा कान पिळायचा नाही. कसरतीचे 'सरकत' होते, मालकाचे 'कमाल' होते, पालकाचे 'कपाल' होते. अक्का बटणांना हातही लावत नसत. डोळे मिटून, हवेत बोटे हलवून त्या उत्तर देत, आणि दिल्यावर टेबलाभोवती एक विजयी नजर फिरवत. कुणी म्हणाले, "वा, अक्का!" तर "वा काय त्यात? मी आहे म्हणून!" कुणी म्हटले नाही, तर "काय रे, आज वा म्हणायला कुणी नाही?"

एचएसआर लेआउटमधून येणारा रोहन नावाचा नागपूरचा एक संगणक अभियंता आमच्यात नवा होता. पहिल्याच रविवारी त्याने 'कारभारी'चे 'भारी कार' केले आणि टाळीसाठी हात पुढे केला. अक्कांनी टाळी दिली, पण लगेच म्हणाल्या, "हे मी लग्नाच्या आधी केलं होतं. तेव्हा कार भारी नव्हती, एवढंच."

"अक्का, यू आर सॅव्हेज," रोहन म्हणाला.

"ते काय असतं ते मला माहीत नाही. पण तू म्हणतोस त्या अर्थी असेन."

उत्तरार्धात, कॉफी आल्यावर, थापा सुरू होत. एखादा रोजच्या वापरातला वाक्प्रचार घ्यायचा आणि तो कुठून आला असेल याची प्रत्येकाने एक कथा रचायची. पुरावा मागायचा नाही; पटवून दाखवायचे. ज्याची थाप सर्वांत खरी वाटेल, तो जिंकला. यातही अक्कांचा एक कडक दंडक होता. कथा सांगण्यापूर्वी प्रत्येकाने "आता थाप ऐका" असे मोठ्याने म्हटलेच पाहिजे, आणि ती थाप घराबाहेर न्यायची नाही. "उंबऱ्याच्या आत थाप, उंबऱ्याबाहेर चूप," असे त्या म्हणत. एकदा मी ते तीन शब्द विसरलो आणि माझी कथा सर्वांना पटली. तर अक्कांनी मला जिंकलेला घोषित करण्याऐवजी कॉफीच नाकारली. "माणसाला फसवायचं नाही, मोडकअण्णा. माणसाला सांगून फसवायचं. त्यातच मजा आहे."

एका रविवारी वाक्प्रचार निघाला, 'तोंडाला पाने पुसणे'. आम्ही आपापल्या परीने थापा मारल्या. माझी थाप उत्तम होती. तिचा इथे विस्तार करत नाही. मग अक्कांनी कपबशी बाजूला सरकवली. "आता थाप ऐका," त्या म्हणाल्या. "ह्याच आपल्या पेटेत एक मराठी व्यापारी होता. पैसेवाला, पण चिक्कू. त्याच्या मुलीचं लग्न. सगळं गाव जेवायला बोलावलं, आणि पंगती संपायच्या आत विडे संपले. आता विडा न देता पाहुणा पाठवला तर गावभर नाचक्की. मग ह्यानं काय केलं, एका गड्याला दारात उभं केलं. काताच्या पाण्यात भिजवलेलं पान त्याच्या हातात. जाणाऱ्याच्या ओठांवरून ते नुसतं पुसायचं. ओठ लाल. रस्त्यानं बघणाऱ्याला वाटावं, विडा खाऊन आला. पण जाणाऱ्याला माहीत, आपल्याला काय मिळालं ते! तेव्हापासून तोंडाला पाने पुसणे."

आम्ही सगळे एकदम ओरडलो. ती थाप नव्हती, ते शिल्प होते! तो दारातला गडी मला दिसला. ते लाल ओठ घेऊन चाललेले, आतून धुमसणारे पाहुणे मला दिसले.

रोहनने ते फोनवर टिपले होते. त्याने ते हौसेने आपल्या मित्रांच्या गटावर टाकले, आणि टाकताना चित्रफीत आटोपशीर व्हावी म्हणून सुरुवातीचा भाग कापला. त्या कापलेल्या भागात कपबशी सरकवल्याचा आवाज होता आणि तीन शब्द होते.

पुढे जे झाले ते वाचकांना सांगायला नको. ते त्यांच्या फोनवरही आले असेल. ती कथा सोलापूरला गेली, नाशिकला गेली, अमेरिकेला गेली आणि परत आली. परत आली तेव्हा तिच्यातला व्यापारी सरदार झाला होता, त्याला गाव आणि घराणे लाभले होते, आणि शेवटी 'जुन्या कागदपत्रांत नोंद' अशी पुस्ती जोडलेली होती. अक्कांना आधी गंमत वाटली. "बघा, माझ्या गड्याला नोकरी लागली," असे त्या म्हणाल्या. मग एके दिवशी मंडळाचे अध्यक्ष विनायकराव घरी आले. वाक्प्रचारांच्या मुळांच्या संशोधनाबद्दल वार्षिक समारंभात अक्कांचा सत्कार करायचे ठरले होते. शाल, श्रीफळ, मानपत्र. महाराष्ट्रातून एक प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार होते.

मी तिथे होतो. अक्का स्पष्ट म्हणाल्या, "विनायकअण्णा, ती थाप होती. मी बनवलेली."

"तुमचा हा विनयच, अक्का!" विनायकराव हात जोडून म्हणाले. "आणि तुमची ती अक्षरांच्या स्पर्धेची मागणी होती ना? ह्या वर्षीपासून करू या. मोठ्या सभागृहात, तुमच्या नावानं. सत्काराच्या वेळीच जाहीर करतो."

अक्का गप्प झाल्या. त्या गप्प होण्याचे वजन ज्याला ठाऊक नाही त्याला पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून सांगतो. मंडळात दरवर्षी रांगोळीची स्पर्धा होई, पाककलेची होई, सुगम गायनाची होई. अक्का दरवर्षी म्हणत, अक्षरांची घ्या. आणि दरवर्षी त्यांना हसून सांगण्यात येई की हा घरात बसून वेळ घालवायचा खेळ आहे, तो व्यासपीठावर कसा शोभेल? ज्या एका गोष्टीत त्या खरोखर अजोड होत्या, ती चारशे माणसांसमोर एकदा तरी करून दाखवावी, एवढीच त्यांची आयुष्यातली हौस उरली होती. ती आता दारात येऊन उभी होती, आणि तिच्या हातात चुकीचे मानपत्र होते.

सत्कार घ्यायला अक्कांना त्या दिवशी मी फूस दिली, असा एक प्रवाद आहे. त्याचा मी येथे जाहीर निषेध करतो. विनायकराव गेल्यावर मी अक्कांना म्हणालो होतो, "शाल घ्या. स्पर्धा पदरात पाडून घ्या. पानांचं नंतर बघू." तो सल्ला आजही मला व्यवहार्य वाटतो. अक्कांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "कॉफी घेणार?" एवढेच.

समारंभाला सभागृह भरले होते. अक्का मोरपिशी इरकल नेसून आल्या होत्या. रोहन आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. प्राध्यापकमहाशयांनी भाषणात पानांची कथा सविस्तर सांगितली आणि वर पुस्ती जोडली, "मीही हा उल्लेख फार पूर्वी एका जुन्या साधनात वाचल्याचे स्मरते." मी अक्कांकडे पाहिले. त्यांचा खालचा ओठ घट्ट मिटला होता. कुणी त्यांच्या बटणांना न विचारता हात लावला की तो असा मिटत असे.

विनायकरावांनी शाल उलगडली. अक्कांनी हातानेच ती थांबवली आणि ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"नमस्कार. स्वल्पच बोलते. पाहुण्यांनी ती गोष्ट वाचलीय म्हणतात. कुठं वाचली? अहो, ती मी गेल्या वर्षी माझ्या जेवणाच्या टेबलावर बनवली. त्याच्या आधी ती कुठंही नव्हती. ती थाप आहे."

सभागृह हसले. ते कौतुकाचे हसणे होते. कुणाचा विश्वासच बसला नव्हता. विनायकराव ध्वनिक्षेपकाकडे वाकून म्हणाले, "पाहिलात अक्कांचा विनय!"

त्या एका शब्दाने ठिणगी पडली.

"विनय?" अक्का गर्जल्या. "कुणाचा विनय? द्या, एक वाक्प्रचार द्या. कुणीही द्या. आत्ता!"

मागून कुणीतरी ओरडले, "नाकी नऊ येणे!"

अक्कांनी डोळे मिटले. बोटे हवेत हलली. मी रोहनचा दंड धरला. मग त्या बोलू लागल्या. जुन्या गावांतल्या पायऱ्यांच्या विहिरी त्यांनी उभ्या केल्या. पोहायला शिकणारी पोरे एकेक पायरी खाली उतरत आहेत, म्हातारे काठावरून पायऱ्या मोजत आहेत. पाचव्या पायरीला पाणी कमरेला, सातवीला छातीला, आठवीला हनुवटीला. आणि नवव्या पायरीवर पाय टेकला की पाणी थेट नाकाशी. "काठावरचे म्हातारे ओरडायचे, आली रे, नाकी नववी आली! तिथून माणूस एकतर पोहतो, नाहीतर बुडतो. म्हणून नाकी नऊ."

सभागृहातून "अच्छाऽ" असा एक लांब सुस्कारा निघाला. प्राध्यापकांनी खिशातून पेन काढले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

"पटलं?" अक्कांनी विचारले.

"हो!" सभागृह म्हणाले.

"का पटलं? तुमच्यासमोर बनवली. हात लावून बघा, गरम आहे अजून!"

पहिल्यांदा कोण हसले याबद्दल वाद आहे, आणि तो मी कायमचा मिटवतो. प्राध्यापक हसले. ते रागावून निघून गेले असे जे पसरवले जाते, ते त्या भल्या माणसावर अन्याय करणारे आहे. ते पेन हातात धरून इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग सगळे सभागृह फुटले. लोक उठून उभे राहिले. "अक्का, बारा वाजणे!" "अक्का, धाबे दणाणणे!" जो तो ओरडत होता, आणि कित्येक जण स्वतःच थापा रचून शेजाऱ्याला ऐकवू लागले होते. मंडळाच्या कार्यक्रमात लोकांचे डोळे असे चमकलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

अक्कांनी हात वर केला. "थापा मारणं सोपं आहे हो. गोष्ट चांगली असली की माणूस पुरावा मागत नाही. अक्षरांचं तसं नाही. तिथं उत्तर येतं, नाहीतर येत नाही. तिथं गोष्ट चालत नाही, वशिला चालत नाही, विनय तर नाहीच नाही. आणि त्यात ह्या गावात मी पहिली आहे. त्याची शाल असेल तर पांघरवा, मी आनंदानं घेते. नसेल तर घडी घालून ठेवा."

विनायकरावांनी घडी घातली. स्पर्धेची घोषणा झाली नाही.

परतताना रिक्षात अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. लालबागेच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मी विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की! खूप वाटतं. शाल छान होती. काठ बघितलात?" थोड्या वेळाने त्या बाहेर पाहत म्हणाल्या, "मला मान हवाच होता, मोडकअण्णा. पण माझा हवा होता."

पुढच्या वर्षीही मंडळात रांगोळीची स्पर्धा झाली, पाककलेची झाली. अक्षरांची झाली नाही. त्या हिवाळ्यात न्यूमोनियाचे निमित्त होऊन अक्का गेल्या.

मंडळाने शोकसभा घेतली. विनायकरावांनी ठराव वाचला: "अत्यंत विनम्र, निगर्वी आणि वाक्प्रचारांच्या मुळांचा ध्यास घेतलेल्या संशोधिका…" पुढे असे होते की वयोमानामुळे सत्कारप्रसंगी त्यांचा थोडा गोंधळ उडाला, तरी त्यांचे संशोधन चिरंतन राहील.

मी उभा राहिलो. गुडघे दुखत होते, तरी राहिलो. "ह्या ठरावाला माझा विरोध आहे," मी म्हणालो.

"अहो मोडक, शोकसभेत विरोध?" कुणीतरी कुजबुजले.

"त्यांचा गोंधळ उडाला नव्हता. गोंधळ तुमचा उडाला होता. त्या संशोधिका नव्हत्या. आणि विनम्र? कावेरीअक्का विनम्र? ज्या बाईनं आयुष्यात एकदाही खोटा विनय दाखवला नाही, ती मेल्यावर तिच्या तोंडावर तुम्ही तो फासता?"

"काका बरोबर बोलताहेत." हा रोहनचा आवाज होता. तो मागच्या रांगेत उभा होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता. "तो व्हिडिओ मी एडिट केला होता. 'आता थाप ऐका' असं त्या आधी क्लिअरली म्हणाल्या होत्या. मी ते कापलं. त्यांनी कुणालाच फसवलं नव्हतं."

विनायकराव, आणि हे मी त्यांच्याशी माझे आजवर असलेले सर्व मतभेद कायम ठेवून लिहितो, खाली बसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी ठरावाचा कागद टेबलावर ठेवला, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "मग काय लिहू, मोडक? तुम्हीच सांगा."

मी सांगितले. त्यांनी आधीच्या ओळी खोडल्या आणि लिहिले. मग लिहिलेले मोठ्याने वाचले, आणि सभेने उभे राहून ते संमत केले. "अक्षरांची उलथापालथ करण्यात कावेरीअक्कांना या शहरात जोड नव्हती, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते."